खोकला नसलेल्यांचा टीबी: एक्सरे मशीन घेऊन ऊसतोडीच्या फडावर

जुनी_फिल्म

गळीत हंगाम आटोपला, टोळ्या गावाकडे निघाल्या, जरा उसंत मिळाली म्हणून हा धागा काढतोय. मी एक्सरे टेक्निशियन. पश्चिम महाराष्ट्रातल्या ऊसपट्ट्यात नोकरी. ७ डिसेंबर २०२४ ला केंद्राची टीबीची शंभर दिवसांची मोहीम सुरू झाली. त्याच सुमारास आमच्याकडे हातात धरायचं एक्सरे मशीन आलं आणि ते घेऊन आम्ही फडाफडांवर हिंडलो.

मशीन साडेतीन किलोच्या आसपास, दिसायला लग्नातल्या फोटोग्राफरच्या कॅमेऱ्यासारखं. सोबत डिटेक्टरची प्लेट, लॅपटॉप, स्टँड. प्लेट कोपीच्या, म्हणजे मजुरांच्या झोपडीच्या, मेढीला टेकवायची आणि रांग लावायची. बायकांच्या बाबतीत पहिली अडचण मंगळसूत्राची. फिल्मवर ते पांढरंशुभ्र उमटतं आणि नेमकं पाहायचं ते झाकतं. काढा म्हटलं तर कोणी काढत नाही. मग ते वर घेऊन दातांत धरायला सांगायचं. "श्वास घ्या, रोखा" म्हटलं की मागच्या बाया हसतात, हीसुद्धा हसते आणि फिल्म हलते. पुन्हा काढायची. गड्यांचे ताईत, पदराच्या पिना, एकाच्या खिशात विळ्याला धार लावायची कानस. सगळं उतरवून घेईपर्यंत मुकादमाची चुळबूळ सुरू झालेली असते, कारण फडात ऊस उभा असतो आणि कारखान्याची गाडी यायची असते.

आधीची पद्धत साधी होती आणि बऱ्याच ठिकाणी अजून तीच आहे. वस्तीवर जायचं, चार प्रश्न विचारायचे. दोन आठवड्यांच्या वर खोकला आहे का? ताप? वजन घटलंय? रात्री घाम येतो? हो म्हणाला तर बेडक्याची डबी हातात द्यायची, नाही म्हणाला तर पुढचं घर. फडावर हे प्रश्न विचारून बघा. पाचटाची धूळ आणि चुलीचा धूर यांत दिवस काढणाऱ्याला खोकला म्हणजे काही सांगण्यासारखी गोष्टच वाटत नाही. वजन कोणी कधी केलेलं नसतं. रात्रीच्या घामाचं विचारलं की उत्तर येतं, "सायेब, घाम दिवसाबी येतो."

२०१९ ते २०२१ मध्ये देशभर क्षयरोगाचं राष्ट्रीय सर्वेक्षण झालं. त्यात लक्षणंही विचारली आणि एक्सरेही काढले. पंधरा वर्षांवरच्या लोकांत लाखामागे ३१२ जणांना फुप्फुसाचा टीबी निघाला. यातले ४२.६ टक्के रुग्ण एक्सरे नसता तर सापडलेच नसते. आणि ज्यांना लक्षणं होती त्यांच्यातले जवळपास ६४ टक्के लोक कुठेही दाखवायला गेलेले नव्हते. म्हणजे एकाला त्रास होत नाही म्हणून तो येत नाही आणि दुसरा त्रास होऊनही येत नाही. दवाखान्यात बसून वाट पाहणाऱ्याला दोघंही दिसत नाहीत.

एका फडावर तिशीतला एक गडी आला. अंगाने काटक, चारही प्रश्नांना नाही म्हणाला. फिल्मवर उजवीकडे वरच्या भागात पोकळी. बेडका ट्रूनॅटला, म्हणजे जंतूंचा डीएनए ओळखणाऱ्या यंत्राला, गेला, पॉझिटिव्ह आला. सांगायला गेलो तर म्हणे, "मी काल रातच्याला दोन गाड्या भरल्यात, मला कशाचा टीबी?" त्याच्या कोपीत बायको, दोन पोरं आणि म्हातारी आई, एकाला खेटून एक अशी झोपतात.

माझं म्हणणं एवढंच की टीबी लवकर शोधायचा तर नुसता खोकला विचारत फिरून भागणार नाही. छातीची फिल्म काढायला हवी, ती माणूस असेल तिथे जाऊन काढायला हवी आणि सापडल्यावर गोळ्या त्याच्यामागे त्याच्या गावापर्यंत गेल्या पाहिजेत. आमची यादी निघते गावाच्या लोकसंख्येवर. ऊसतोडीची माणसं बीड-पाथर्डीकडच्या यादीत 'स्थलांतरित' आणि आमच्या यादीत 'गावचे नाहीत'. मोहिमेचे शंभर दिवस नेमके तेच, ज्यांत त्यांच्या घरांना कुलूप असतं.

इथे आरोग्य खात्यातले, डॉक्टर, शिवाय ऊसपट्ट्यातले बरेच जण आहेत. तुमच्याकडे काय चाललंय ते लिहा. विरोधी मतंही येऊ द्या.

भिवा

वाचतोय. एक बाळबोध शंका. असे सरसकट एक्सरे काढत सुटल्यावर किरणांचा त्रास नाही का? आमच्या आईला गेल्या वर्षी तीनदा काढावे लागले तर शेजारचे काका म्हणाले आता कॅन्सर होणार.

छातीठोक

भिवा, काकांना माझा नमस्कार सांगा. छातीच्या एका एक्सरेतून मिळणारा किरणोत्सर्ग आपल्याला निसर्गातून दहाएक दिवसांत तसाही मिळत असतो. गरोदर बाईला मात्र आधी विचारायचं आणि शक्यतो टाळायचं.

धागाकर्त्याशी बव्हंशी सहमत. मी छातीविकारतज्ज्ञ आहे (आयडीवरून कळलं असेलच). पण थोडं थंड पाणी ओततो. फिल्म म्हणजे निदान नव्हे. समजा एक लाख प्रौढांची फिल्म काढली आणि त्यात खरे रुग्ण ३०० आहेत. फिल्म दर शंभर रुग्णांतले ९० पकडते आणि दर शंभर निरोग्यांतल्या १० जणांवर उगाच बोट ठेवते, असं धरू. मग २७० खरे हाती लागतील आणि जवळजवळ १० हजार धडधाकट माणसं संशयित ठरतील. ३८ संशयितांमागे एक खरा. जुना बरा झालेला टीबी, धुरामुळे झालेले बदल, न्यूमोनियाचा राहिलेला डाग, सगळंच त्यात येतं. त्या १० हजारांच्या बेडक्याची तपासणी व्हायलाच हवी. नुसत्या फिल्मवर सहा महिन्यांचा कोर्स सुरू केलेले पेशंट माझ्याकडे येतात, आणि त्यातल्या काहींना टीबी कधी नव्हताच.

म्हणून ही चाळण जिथे टीबी दाट आहे तिथेच लावायची. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत सरसकट वस्तीची तपासणी सुचवली आहे ती जिथे न सापडलेला टीबी शेकडा अर्धा किंवा जास्त आहे तिथे. शिवाय रुग्णाच्या घरातली माणसं, एचआयव्हीबाधित, तुरुंगातले कैदी, सिलिकाच्या धुळीत काम करणारे यांची तपासणी करायचीच. कोथरूडच्या सोसायटीत कॅम्प लावून फोटो छान येतात, रुग्ण येत नाहीत.

दुसरं म्हणजे बेडका मायक्रोस्कोपवर संपवू नका. स्लाइडवर दिसायला मिलिलिटरमागे सुमारे १० हजार जंतू लागतात, ट्रूनॅटसारख्याच सीबीनॅट यंत्राला शे-दीडशे पुरतात. लक्षणं नसलेल्याच्या बेडक्यात जंतू मुळात कमी असतात. फिल्मने पकडलेला माणूस स्लाइडने सोडून दिला असं होतं. शिवाय रिफॅम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध चालणार की नाही ते सीबीनॅट-ट्रूनॅटवर सुरुवातीलाच कळतं.

माणदेशी_पोर

सगळं गोड गोड चाललंय म्हणून जरा तिखट. मोहिमेचे आकडे बघितले का? १२.९७ कोटी लोक तपासले, ७.१९ लाख रुग्ण, त्यातले २.८५ लाख लक्षणं नसलेले. टाळ्या! पण त्या काळात नोंद झालेले सगळेच मोहिमेने शोधले असं कसं म्हणणार? त्यातले कितीतरी आपापल्या पायांनी दवाखान्यात आलेच असते. आणि '१२.९७ कोटी तपासले' म्हणजे किती जणांची फिल्म निघाली आणि किती जणांना दारातनंच 'खोकला आहे का' विचारून टिकमार्क झाली?

आमच्याकडे काय झालं ते सांगतो. वरनं उद्दिष्ट आलं, इतके नमुने पाठवा. संध्याकाळी डब्या भरायला माणसं गोळा केली. कोणी पण थुंकलं. नमुने गेले, सगळे निगेटिव्ह, अहवाल झकास.

आणि हो, २०२४ च्या सुरुवातीला टीबीच्या गोळ्यांचाच तुटवडा होता, राज्यांना स्थानिक खरेदी करायला सांगावं लागलं. आधी गोळ्या पुरवा, मग घरोघर शोधा. माणसाला तुला टीबी आहे म्हणून सांगायचं आणि गोळ्या पुढच्या आठवड्यात, हा कुठला न्याय?

वहीपेन

@माणदेशी_पोर, तुमच्या गावात झालं असेल, नाही म्हणत नाही. मी गटप्रवर्तक आहे, माझ्या हाताखाली आशाताई आहेत. उद्दिष्ट आलं की डब्या भरतात हे खरं. पण त्या आशाताईकडे त्याच आठवड्यात कुष्ठरोगाचाही फॉर्म असतो, गरोदर मातांची नोंद असते, आभा कार्ड (आरोग्याचं डिजिटल ओळखपत्र) असतं, आणि मोबाइलला रेंज नसते. घरोघरच्या सर्व्हेला जो मोबदला मिळतो तो सांगायचीही लाज वाटते.

थुंकी आणि बेडका यांतला फरक शिकवण्यात आमचा निम्मा वेळ जातो. सकाळी उठल्या उठल्या, चूळ भरून, खोल श्वास घेऊन, पोटातून खाकरून काढायचा. पातळ फेसाळ आलं तर ती लाळ. दाट, पिवळसर, चिकट आलं तर उपयोगाचं. बायका लोकांसमोर खाकरत नाहीत, त्यामुळे त्यांचे नमुने हमखास लाळेचे येतात. मी आता त्यांना डबी देऊन विहिरीकडे पाठवते, घरातून लांब. झाकण घट्ट लावलं नाही तर नमुन्याची नळी (फाल्कन ट्यूब) पेटीत पाझरते आणि लॅबवाले नमुना परत करतात.

माझा प्रश्न जुनी_फिल्म यांना. ज्याला खोकलाच नाही तो बेडका आणणार कुठून? फिल्म वाईट, पण खाकरून काहीच येत नाही, अशांचं काय करता?

जुनी_फिल्म

@वहीपेन, दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. मिठाच्या पाण्याची वाफ देऊन बेडका काढता येतो पण ती सोय मोठ्या रुग्णालयातच असते आणि तिथवर जायचं म्हणजे दिवस मोडतो. बहुतेक वेळा आम्ही दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा जातो. टोळी तीन-चारला उठते, त्याआधी डबी पोचलेली हवी. तरी काही जण राहतातच. त्यांची फिल्म डॉक्टरांना पाठवतो.

@माणदेशी_पोर, टिकमार्कचं खरं आहे, म्हणून तर फिल्मचा आग्रह. फिल्म खोटी भरता येत नाही. प्रत्येकीवर वेळ असते, नाव असतं आणि छाती ज्याची त्याचीच असते. मशीनमधलं सॉफ्टवेअर मिनिटाच्या आत प्रत्येक फिल्मला गुण देतं, संशयाची जागा रंगवून दाखवतं. उद्दिष्ट द्यायचंच तर 'किती तपासले' याचं देऊ नये. संशयितांपैकी किती जणांचा बेडका ट्रूनॅटवर चढला, सापडलेल्यांपैकी किती जणांची पहिली गोळी किती दिवसांत सुरू झाली, हे विचारावं.

मांडवीकाठ

ट्रूनॅटचा विषय निघालाय म्हणून. हे यंत्र गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं, २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्याला मान्यता दिली. बॅटरीवर चालतं, एसी खोली लागत नाही, तासाभरात निकाल येतो. तालुक्याच्या खाली, प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत नेता येतं हा त्याचा खरा फायदा. नमुना दोन दिवस पेटीत फिरवण्यापेक्षा यंत्रच फडाजवळच्या केंद्रात असलं की काम झालं. फक्त चिप आणि रसायनं वेळेवर यायला हवीत. त्याविना ते शोभेचं.

बाकी धागा मस्त. वाचनखूण साठवली.

टेम्सकाठी

इथे यूकेत सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायला येणाऱ्या भारतीयाला व्हिसाच्या आधी ठरलेल्या क्लिनिकमध्ये छातीचा एक्सरे काढून टीबी नसल्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं. मी मुंबईत काढला होता. आयटीतला माणूस, जिममध्ये जाणारा, लक्षणं शून्य, तरी फिल्म. मला तेव्हा राग आला होता, आता हा धागा वाचून गंमत वाटते. जे परदेशी जायला सक्तीचं, ते फडावरच्या माणसाला मिळावं म्हणून वाद घालावा लागतो.

यांच्याकडचं एक उदाहरण. १९५७ मध्ये ग्लासगो शहरात पाच आठवड्यांत ७ लाखांहून जास्त लोकांचे एक्सरे काढले. फिरत्या गाड्या, स्वयंसेवक, एक्सरे काढला की छातीवर लावायला बिल्ला. अपेक्षा होती अडीच लाखांची. त्या जुन्या नोंदी परत तपासून २०२४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मोहिमेच्या वर्षी रुग्णांची नोंद दुपटीच्या आसपास गेली आणि नंतरच्या वर्षांत अपेक्षेपेक्षा बरीच खाली राहिली. म्हणजे एकदाच पण कडक झाडू मारला तर उपयोग होतो.

तुळशीबाग

टेम्सकाठी, एकदाच झाडू मारून भागतं यावर मी शंभर टक्के विश्वास ठेवणार नाही. तेव्हा ग्लासगोत औषधं नुकतीच हाताशी आली होती, घरंही सुधारत होती.

आपल्याकडे या वादाला साठ वर्षं झाली, ते कोणी लिहीत नाही म्हणून लिहितो. एके काळी टीबी म्हणजे सॅनेटोरियम, मिरज किंवा औंध. १९५९ मध्ये मद्रासच्या क्षयरोग उपचार केंद्राने दाखवून दिलं की घरी राहून औषधं घेणाऱ्यांना सॅनेटोरियममधल्यांइतकाच गुण येतो, खाणंपिणं यथातथा असूनही. त्याच वर्षी बंगळुरूला राष्ट्रीय क्षयरोग संस्था सुरू झाली. तिथल्या देबबर बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यातल्या रुग्णांचा अभ्यास केला, तो १९६३ मध्ये छापून आला. त्यात आढळलं की निम्म्याहून जास्त रुग्ण आपणहून कुठल्या ना कुठल्या दवाखान्यात गेलेले होते आणि तिथून खोकल्याची बाटली घेऊन परतले होते. निष्कर्ष असा की एक्सरेच्या गाड्या खेडोपाडी पळवण्याआधी जे दारात येतात त्यांना तरी नीट तपासा. आपला कार्यक्रम पुढे कित्येक वर्षं याच विचारावर चालला.

त्या वेळच्या खिशाकडे पाहता विचार चुकीचा नव्हता आणि माणसाचा मान ठेवणाराही होता. माणदेशी_पोर म्हणतात ते मुळात तेच आहे. पण त्या अभ्यासात दवाखान्यात न गेलेले जे उरले, ते उरलेच. दार उघडं ठेवून बसलेला कार्यक्रम त्यांच्यापर्यंत पोचला नाही. २०१७ पासून घरोघर शोध सुरू झाला तो त्यांच्यासाठी. दोन्ही हवं. दारात आलेल्याला खोकल्याचं औषध देऊन परत पाठवणारे खासगी दवाखाने तर अजून आहेत, त्यांचा शोध कोण घेणार?

छातीठोक

तुळशीबागकाका, दंडवत.

एकदा की दरवर्षी, याचं उत्तर व्हिएतनामच्या का माऊ प्रांतातून मिळतं. तिथे काही वस्त्यांत सलग तीन वर्षं, दरवर्षी, सगळ्या प्रौढांना गाठून बेडका मागितला आणि तो थेट एक्स्पर्टवर चढवला, म्हणजे आपल्या सीबीनॅटवर. लक्षणं विचारली नाहीत, एक्सरेही नाही. चौथ्या वर्षी मोजलं तेव्हा या वस्त्यांत लाखामागे १२६ रुग्ण, बाकीच्या वस्त्यांत २२६. हे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. याउलट झांबिया आणि दक्षिण आफ्रिकेत लोकांना नुसतं जागरूक करून 'खोकला असेल तर बेडका आणून द्या' म्हटलं, त्याने समाजातला टीबी काही हलला नाही. तात्पर्य, शोध खोल हवा आणि पुन्हा पुन्हा हवा. आपण दरवर्षी नवा गाव निवडतो आणि गेल्या वर्षीचा सोडून देतो.

बांधावरची

मी सहसा वाचनमात्र असते. आज लिहिते. माझे आईवडील कोयत्यावर जायचे. बीड जिल्हा. मी आता शाळेत शिकवते.

फडावर कोणी मान देऊन तपासायला येतं हे वाचून बरं वाटलं. पण तुम्हाला पलीकडची बाजू दिसत नसेल म्हणून सांगते. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल घेतलेली असते ती दोघांच्या कामावर. एकजण आजारी पडला, कामावर गेला नाही की खाडा, आणि खाडा म्हणजे मजुरी तर बुडतेच, वर दंड लागतो, तोही उचलीत चढतो. माझे वडील खोकताना रक्त पडायचं ते पाचटाखाली झाकायचे. मुकादमाला कळलं तर पुढच्या वर्षी टोळीत घेणार नाही ही भीती. तुमच्या चार प्रश्नांना त्यांनी चारदा 'नाही'च सांगितलं असतं.

शेवटी निदान झालं ते फडावरच, गोळ्याही सुरू झाल्या. एप्रिलमध्ये गावी आलो. गावाकडच्या केंद्रात गेलो तर म्हणाले, तुमचं कार्ड तिकडचं, तिकडून लिहून आणा. वडील परत गेले नाहीत. गोळ्या सुटल्या. पुढच्या हंगामात पुन्हा आजारी पडले, तेव्हा औषधं जास्त लागली, जास्त महिने लागली. ते बरे झाले, पण त्या दोन वर्षांत माझी शाळा सुटता सुटता राहिली.

तेव्हा, फिल्म काढा, जरूर काढा. पण ज्या दिवशी माणूस तुमच्या रांगेत उभा राहतो त्या दिवसाच्या मजुरीचं आधी मुकादमाशी बोला. आणि निकाल मुकादमाच्या कानावर जाऊ देऊ नका.

नावात_काय

बांधावरची, तुमचा प्रतिसाद वाचून गप्प बसवेना.

मी स्वतः 'लक्षणं नसलेला' आहे. भावाला टीबी निघाला म्हणून घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली आणि माझी फिल्म वाईट आली. मला काही होत नव्हतं. सहा महिने गोळ्या, वजनावर ठरलेल्या, रोज सकाळी. पहिल्या दिवशी लघवी केशरी झाली तेव्हा मी जाम घाबरलो होतो. रिफॅम्पिसिनने होते हे आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आईची फिल्म चांगली होती, तिला आठवड्यातून एकदा असा प्रतिबंधक गोळ्यांचा बारा डोसचा कोर्स दिला.

लवकर सापडल्याचा फायदा असा की छातीत पुढे काही राहिलं नाही. भाऊ उशिरा सापडला, तो अजून जिना चढताना थांबतो. तोटा एवढाच की माझं ठरलेलं लग्न मोडलं. पाहुण्यांना आमच्या घरी होणाऱ्या 'भेटीं'वरून कळलं, गाडीवर टीबीचं नाव असलेला माणूस दर आठवड्याला दारात. आता बायको आहे, तिला सगळं सांगून केली. पण खात्याच्या गाडीवरचे ते बोर्ड काढा हो कोणीतरी.

भिवा

बोर्डाच्या मागणीला +१. आमच्या गल्लीत गाडी आली की पोरं ओरडतात 'टीबीवाला आला'.

वहीपेन

खाण्याचंही कोणी बोललं नाही अजून. टीबी रुग्णाला खाण्यासाठी सरकारी निक्षय पोषण योजनेतून महिन्याला ५०० मिळायचे, नोव्हेंबर २०२४ पासून १००० झालेत. पण खातं गावच्या बँकेत, आधार जोडलेलं नाही, मग पैसे येतात ते कोर्स संपता संपता. ऊसतोडीवाल्यांचं तर खातंच बंद पडलेलं असतं. आम्ही सरपंच, दुकानदार यांना निक्षय मित्र (रुग्णाला मदत करणारे दाते) करून धान्याच्या पिशव्या मिळवतो, ते बरं पडतं, निदान हातात तरी येतं.

छातीठोक

खाण्याला कमी लेखू नका. झारखंडमधली रेशन्स चाचणी २०२३ मध्ये लॅन्सेटमध्ये आली. रुग्णाच्या घरातल्या माणसांनाही शिधा दिला तर त्यांच्यात नवा टीबी ३९ टक्क्यांनी कमी झाला. घरातल्या दहा हजारांहून जास्त लोकांवरचा अभ्यास आहे. फडावर वजनकाटा नेता का हो? बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) १८.५ च्या खाली असेल तर तो माणूस फिल्मच्या रांगेत सगळ्यात पुढे हवा, आणि मधुमेहीही.

जुनी_फिल्म

वजनकाटा नेतो, पण शेतातल्या उंचसखल जमिनीवर तो वेडेवाकडे आकडे दाखवतो, म्हणून पाटी टाकून त्यावर ठेवतो.

@बांधावरची, तुमचा प्रतिसाद मी आमच्या तालुक्याच्या उपचार पर्यवेक्षकांना वाचून दाखवला. कार्डाची अडचण आता तरी व्हायला नको, कारण प्रत्येक रुग्णाला निक्षय या टीबी नोंदणीच्या सरकारी पोर्टलचा आयडी असतो आणि तो एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात ऑनलाइन पाठवता येतो. तरीही पाठवणाऱ्याने पाठवला आणि घेणाऱ्याने उघडून बघितला, या दोन्ही गोष्टी घडाव्या लागतात. आम्ही यंदा निघणाऱ्या प्रत्येकाला महिनाभराच्या गोळ्या हातात दिल्या, आयडी एका चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवला आणि गावाकडच्या पर्यवेक्षकाला फोन केला. त्यातल्या एकाच्या गावाचा फोन अजून लागत नाहीये. काटक गडी म्हणालो होतो तो मात्र पोचला, त्याच्या गोळ्या तिकडे सुरू आहेत, म्हातारीची आणि बायकोची फिल्म स्वच्छ आली, पोरांना प्रतिबंधक औषध सुरू झालं.

निकालाचं म्हणाल तर आम्ही मुकादमाला सांगत नाही, पण बेडक्याची डबी ज्याच्या हातात दिसली त्याच्याबद्दल टोळीत कुजबुज सुरू होतेच. आता डबी कागदात गुंडाळून, लोहाच्या गोळ्यांच्या पाकिटासोबत देतो. बायकांना लोहाच्या गोळ्या सगळ्यांनाच देतो म्हणून वेगळं कळत नाही. गड्यांसाठी अजून काही सुचलेलं नाही.

खाड्याचं मी एकटा काय करणार? पण यंदा दिवाळीनंतर टोळ्या उतरतात त्याच आठवड्यात, तोड सुरू व्हायच्या आधी फिल्म काढायच्या, असं डॉक्टरांशी बोललोय. तेव्हा कोप्या बांधायचं काम चालू असतं, कोणाचा दिवस बुडत नाही. आणि त्याच टोळ्या बहुधा त्याच कारखान्याला दरवर्षी येतात, त्यामुळे का माऊसारखं दरवर्षी त्याच माणसांना तपासणं आपोआप होईल. अडचण ही की कुठली टोळी कधी आणि कुठे उतरणार याची यादी कारखान्याकडून मिळवायची कशी. गेल्या वेळी पत्र दिलं होतं, उत्तर आलं नाही.

बांधावरची

पत्र देऊ नका. शेतकी खात्यातल्या चिटबॉयला गाठा. कुठल्या फडात कुठली टोळी, किती कोयते, हे रोज त्याच्या वहीत असतं. आणि जाताना बाईमाणूस सोबत न्या, बायका तिच्याशी बोलतात.

माणदेशी_पोर

चिटबॉय आमच्या पावण्यातला आहे एक, पलीकडच्या कारखान्याला. जुनी_फिल्म, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो, नंबर विचारून देतो.

(गोळ्यांच्या साठ्याचं मात्र आधी बघा, हे माझं म्हणणं कायम.)

जुनी_फिल्म

@माणदेशी_पोर, साठ्याचं खरं आहे, ते औषधनिर्मात्याला आताच विचारतो. व्यनिची वाट पाहतोय.